गळतीचे धनी

मेरीलँडमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात एक गृहस्थ आहेत. नव्या माणसाची ओळख करून दिली की ते हात मिळवतात आणि मिळवलेला हात सोडत नाहीत. उलटासुलटा करून बघतात, मनगटाचा घेर स्वतःच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात मापतात, कोपरापर्यंत नजर टाकतात आणि "छान आहे" म्हणतात. हे ज्योतिषी असावेत अशा समजुतीने एका नवविवाहितेने त्यांना "काका, ग्रीन कार्डाचा योग कधी आहे?" असं विचारलंही होतं.

"ते नाही बुवा सांगता यायचं," ते म्हणाले. "पण तुझा हात डाव्या लॉकरमधून मागच्या क्लीटपर्यंत सहज पोचेल. शनिवारी काय करतेस?"

त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. त्यात थोडा आदर आणि बरीचशी थट्टा असते. कॅप्टनना त्यातला आदर तेवढा ऐकू येतो. ते मूळचे जालन्याचे. म्हणजे पाणी टँकरने येतं आणि कळशीने मोजलं जातं, तिथले. ज्या माणसाने उभ्या बालपणात एक थेंब बाहेर सांडू दिला नाही, तो निवृत्तीनंतर एक थेंब आत येऊ देत नाही म्हणून हटून बसलाय. नोकरी संपता संपता त्यांनी ॲनापोलिसला बॅक क्रीकवरच्या एका यार्डातून 1974 सालची तीस फुटी शिडाची बोट घेतली. किंमत एका जुन्या मोटारीएवढी. वहिनींना वाटलं, निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर चेसापीकच्या आखातात फिरायचं, संध्याकाळी कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून चहा प्यायचा. ते आखात तीनशे किलोमीटरहून लांब आहे आणि त्याला फुटलेल्या खाड्यांची तर गणतीच नाही. पण कॅप्टननी बोट फिरायला घेतलीच नव्हती. हे त्यांनाही नंतर कळलं.

अशी बोट स्वस्तात का मिळते, हे सांगायला हवं. लाकडाची बोट कुजते, लोखंडाची गंजते. फायबरग्लासची बोट मालक मेला तरी मरत नाही. 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ट्रायटन नावाची अठ्ठावीस फुटी बोट आली आणि पुढची वीस वर्षं अमेरिकेत फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी कारखान्यांतून धडाधड निघाल्या. त्यातल्या कितीतरी आजही आहेत. त्यांचा पाण्यातला भाग जाडजूड आणि भरीव असतो, त्याला फारसं काही होत नाही. पण डेक तेवढा भरीव केला तर बोट वरच्या अंगाने जड होणार. म्हणून तिथे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बाल्सा लाकडाचे चौकोनी तुकडे, रेषा उभ्या राहतील असे रचलेले. डेक हलका होतो आणि ताठही राहतो. युक्ती नामी आहे. फक्त त्याच डेकवर मग दोर बांधायचे क्लीट, विंच, कठड्याचे खांब, धरायच्या सागवानी दांड्या, शिडाच्या दोराचे रूळ असं काय काय बसवायचं असतं, आणि त्यासाठी शंभरावर भोकं पाडतात. भोकातला लेप वीसेक वर्षांत वाळतो, पाणी आत शिरतं, बाल्सा ते पिऊन फुगतो आणि शेवटी त्याचा तपकिरी लगदा होतो. डेकवर पाय टाकला की किंचित दबतो. हे दबणं ज्याच्या पायाला एकदा कळलं, तो माणूस पुन्हा कधी शिडाकडे मान वर करून बघत नाही. त्याची नजर कायमची खाली.

कॅप्टन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकतात. 'टक्' असा कोरडा आवाज आला तर ठीक, 'ठप्' आला तर आत ओल. आता ही सवय बोटीपुरती राहिलेली नाही. कुणाच्या घरी जेवायला गेले की हात धुऊन येताना बाथरूमची भिंत ठोकून येतात. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी स्टेजची एक कड ठोकून त्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेतलं होतं. "घाबरवत नाही," म्हणाले, "पण पाहुणे उजवीकडूनच चढवा."

इलाज तसा सोपा आहे. सामान उचकटायचं. भोक मोठं करायचं. ड्रिलमध्ये वाकडा खिळा घालून दोन थरांमधला कुजका बाल्सा कोरून काढायचा, खालून चिकटपट्टी लावून त्या पोकळीत घट्ट इपॉक्सी भरायचं, ते वाळलं की मधोमध नवं भोक पाडायचं. आता पाणी शिरलं तरी त्याला लाकूड भेटत नाही, इपॉक्सीच भेटतं. मग नवा लेप लावून सामान पुन्हा बसवायचं. सामान जागच्या जागी दिसतं. महिनाभर राबलेला माणूस त्याकडे बोट दाखवतो आणि बघणाऱ्याला काही म्हणजे काही वेगळं दिसत नाही. कॅप्टनची निम्मी व्यथा हीच आहे.

कोरायची हत्यारं कॅप्टनना आमच्यातला एक दंतवैद्य पुरवतो, वापरून टाकलेली. कॅप्टन दात दाखवायला त्याच्याकडेच जातात, पण आ वासण्याआधी ट्रेमधली कुठली सुई निकामी होत आलीय हे बघून ठेवतात.

खरी अडचण पुढेच आहे. स्क्रू वर आणि नट खाली, आणि नटापर्यंत पोचणं हे मनुष्याच्या रचनेत बसत नाही. कारखान्यात डेकवरचं सामान आधी लागतं आणि आतलं पांढरं अस्तर, कपाटं, बाकं नंतर. नट त्या अस्तरामागे राहतात. बसवणाऱ्याला ते पुन्हा काढायचे नव्हते, त्याला पाच वाजता घरी जायचं होतं. त्यामुळे कॅप्टनच्या लेखी मनुष्यजातीचे दोन वर्ग आहेत: स्क्रूच्या बाजूचे आणि नटाच्या बाजूचे. ज्याचा हात लांब, मनगट बारीक आणि स्वभाव भिडस्त, तो नटाच्या बाजूचा. माझ्याकडे तिन्ही आहेत.

यात शास्त्र असं की बोल्ट फिरवायचा नाही, नट फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचा लेप ओढला जाऊन तुटतो आणि पाण्याला वाट मिळते. हे शास्त्र खरं आहे. यार्डातल्या इतर लोकांना विचारून मी खात्री करून घेतली, कारण मला संशय होता. संशय यायचं कारण म्हणजे या शास्त्रानुसार वरच्या माणसाने उन्हात बसून स्क्रू ड्रायव्हर नुसता धरायचा आणि बोलायचं. बाकी सगळं खालच्याने.

कॉकपिटच्या बाकाखाली जे लॉकर असतं, त्याचं तोंड एक बेताची सुटकेस आत जाईल एवढं. आधी एक हात, मग डोकं, मग उरलेला खांदा अशा क्रमाने आत जायचं. पाठ डिझेलच्या टाकीवर, बरगडीत कसलातरी रबरी पाइप, आणि डोक्यावर डेकची खालची बाजू, न घासलेली, फायबरग्लासच्या बारीक कुसळांनी भरलेली. ती कुसळं दोन दिवस अंगात खाजत राहतात. विजेरी दातात. हातात सात-सोळांश इंची पाना, कारण पाव इंची बोल्टचा नट तोच पकडतो. नट दिसत नाही. एखादं वायरींचं जुडगं बाजूला सारून बोटांनी चाचपत जायचं, पहिले दोन नट वाटतात ते नट नसतातच, वाळलेल्या लेपाचे गोळे असतात.

"धरलास का?" वरून आवाज येतो.

"घघवा," मी विजेरीसकट म्हणतो.

"मग फिरव."

विजेरी काढून मी विचारतो, "कुठल्या बाजूला?"

"घड्याळाच्या उलट."

"माझ्या घड्याळाच्या की तुमच्या?"

वर शांतता. मग कॅप्टन विचार करू लागतात आणि तो मोठ्याने करतात. "मी वरून बघतोय, तू खालून. म्हणजे माझं उजवं ते तुझं... थांब. तू उताणा आहेस की पालथा?"

"कुशीवर."

"कुशीवर असलास तर प्रश्नच वेगळा." मग ते हवेत हात फिरवून बघतात. हे मला दिसत नाही, पण त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटून डेकवर पडतो ते ऐकू येतं. तोवर मी कुठल्यातरी बाजूला फिरवलेलं असतं. नट सुटतो, बोटांतून जातो, दोनदा 'टिंग' आणि एकदा 'टुप्' वाजतो. 'टुप्' म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी.

"गेला?"

"गेला."

"वायसर?"

"तोही."

"हरकत नाही," कॅप्टन प्रसन्नपणे म्हणतात. "सुटला हे महत्त्वाचं."

लेपाच्या बाबतीत कॅप्टन ब्यूटाइल पंथाचे आहेत. ब्यूटाइल म्हणजे राखाडी, चिकट, वर्षानुवर्षं न वाळणारी रबराची पट्टी. ती हातावर घेऊन वाती वळतात तशी वळायची, बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळायची आणि नट एकदम न आवळता रोज थोडा थोडा आवळायचा; जास्तीची पट्टी कडेने हळूहळू बाहेर येते, ती कापून टाकायची. भोकाची वरची कड किंचित तासून घेतली की तिथे ब्यूटाइलचं कडं बसतं. हे सगळं त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे, एकदा. पण थंडीत ब्यूटाइल कडक होतं, म्हणून नोव्हेंबरपासून कॅप्टन त्याचं वेटोळं अंगाच्या उबेत ठेवतात. गेल्या दिवाळीच्या फराळाला ते कोसा रेशमाच्या झब्ब्याच्या खिशात होतं. झब्बा गेला. वहिनींनी काही म्हटलं नाही, फक्त तो झब्बा त्यांच्या माहेरून आलेला होता एवढं सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या पंथाबद्दल, म्हणजे पॉलियुरेथेनवाल्यांबद्दल, कॅप्टन दयेने बोलतात. ते एकदा चिकटलं की क्लीट निघत नाही, डेक निघतो. आणि सिलिकोनवाल्यांबद्दल ते बोलतच नाहीत. सिलिकोनचा न दिसणारा थर मागे राहतो आणि त्यावर पुढे काही म्हणून चिकटत नाही. मागच्या मालकाने न्हाणीघरातलं सिलिकोन वापरलं होतं.

मागचा मालक! जुन्या बोटीचा कुठलाही धनी घ्या, अमेरिकन असो, फ्रेंच असो की जालन्याचा. त्याच्या आयुष्यात हा एक खलनायक असतोच. त्याला कुणी पाहिलेला नसतो. तो लाकडासाठीचे स्क्रू डेकमध्ये पिळतो, वायसर लावत नाही, लाल वायर काळ्या वायरला जोडतो आणि बोट विकून निघून जातो. आमच्या कॅप्टनचा मागचा मालक त्याहून वरच्या दर्जाचा, कारण त्याने बोटीला आपल्या पहिल्या बायकोचं नाव दिलंय. बोटीचं नाव बदलणं दर्यावर्दी लोक अशुभ मानतात आणि कॅप्टन, जे सत्यनारायणाच्या पूजेलाही वाद घालतात, ते हे मात्र मानतात. तेव्हा वहिनी रविवारी डबा घेऊन नवऱ्याला भेटायला जातात त्या बोटीच्या पाठीवर एका परक्या बाईचं नाव ठळक अक्षरांत आहे. "त्याला ना बायको टिकवता आली ना क्लीट," कॅप्टन म्हणतात. यावर वहिनी डब्याचं झाकण जरा जोरात लावतात.

आणि इतकं करूनही बोट गळते. कॅप्टनचा सिद्धांत असा की पाणी दिसतं तिथून ते येत नसतं. पुढच्या एखाद्या खांबाच्या बुडाशी शिरलेलं पाणी अस्तराच्या वरून वाट काढत जातं आणि दहा फूट मागे, नेमकं उशीवर टपकतं. म्हणून त्यांनी एक दिवस मोठा प्रयोग केला. वहिनींचा पानं उडवायचा ब्लोअर आणला. केबिनचं दार पुठ्ठ्याने बंद करून पुठ्ठ्यातल्या भोकातून ब्लोअरचं नळकांडं आत सोडलं. हवा बाहेर जाईल अशी बाकीची सगळी भोकं, अगदी मोरीचं सुद्धा, चिकटपट्टीने बुजवली. ब्लोअर सुरू झाला की आत हवेचा दाब वाढतो. मग डेकवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे फट, तिथे बुडबुडा. कल्पना त्यांची नव्हे, जुन्या बोटवाल्यांत सर्रास चालते आणि खरोखर चालते. आजूबाजूच्या बोटींचे धनी आपापली हत्यारं खाली ठेवून बघायला आले. यार्डात कुणी कुणाला "कुठे जाऊन आलात?" असं विचारत नाही, "सध्या काय उचकटलंय?" असं विचारतात, त्यामुळे गर्दी चांगली जमली. फवारणी झाली. आधी पुढच्या क्लीटपाशी एक बुडबुडा आला. मग खांबांपाशी. मग खिडक्या, दांड्या, रूळ, विंच. थोड्या वेळात अख्खा डेक फेसाळला आणि कुणाचीतरी दोन पोरं टाळ्या पिटत बुडबुडे फोडत धावू लागली. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण प्रत्येक बुडबुड्याखाली एक नट होता. कॅप्टनच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान होतं की वहिनींनी मला हळूच विचारलं, "आमच्या लग्नाचे फोटो पाहिलेत ना तुम्ही? त्यात आहेत का असे?"

तळात साठलेलं पाणी पावसाचं की बाहेरचं, हे ठरवायला बोटवाले ते चाखून बघतात. खारं लागलं तर धोका, गोडं लागलं तर गळती. समुद्रावर ही परीक्षा सोपी आहे. ॲनापोलिसला आखाताचं पाणीच मचूळ, धड खारं ना धड गोडं, त्यात नद्यांना पूर आला की आणखी पातळ. कॅप्टन बोट बुडवतात, चाखतात, डोळे मिटतात, बाहेरचं चाखतात, पुन्हा आतलं चाखतात आणि "तू बघ" म्हणून मला पुढे करतात. त्या पाण्यात माझे हरवलेले सगळे नट असतात.

बोटीवर पाहुणे आले की कॅप्टनच्या अंगावर काटा येतो. पाहुणा चढताना हमखास कठड्याचा खांब धरतो. "सोडा!" कॅप्टन ओरडतात. दोन फुटांचा खांब, खाली तीन इंचांचा तळवा. वर दहा किलोचा हिसका दिलात की खाली स्क्रूवर ऐंशी किलोचा ताण. हे गणित ते पाहुण्याचा एक पाय धक्क्यावर आणि एक बोटीवर असताना समजावून सांगतात. "मग धरू काय?" असं एका सासूबाईंनी विचारलं होतं. "तोल," कॅप्टन म्हणाले.

दिवाणखान्यात त्यांनी 'म्हादेई'चा फोटो लावलाय. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ही बोट घेऊन कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. फोटो पाहून कुणीही दक्षिण महासागराबद्दल विचारतो. कॅप्टन भिंगाने त्यातला खांबांचा तळवा दाखवतात. "हे बघ. खाली बॅकिंग प्लेट असणार. त्याशिवाय नाही." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, "ते जग फिरून आले हो. आम्ही अजून आखातावरच्या पुलाखालून गेलो नाही."

हे 'आम्ही' म्हणणं वहिनींचा मोठेपणा. कारण त्या स्वतः गेल्या आहेत. नवरा उचकटण्यात गुंतलाय हे लक्षात आल्यावर त्यांनी गावातल्या एका शाळेत रीतसर शीड चालवायचं शिकून घेतलं. ॲनापोलिसला उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी शर्यती असतात. त्यात त्या लोकांच्या बोटींवर दोर ओढायला जातात. शर्यतीच्या बोटी बॅक क्रीकच्या तोंडाशी आल्या की कॅप्टन यार्डातून दुर्बिणीने बघतात. बायकोला नव्हे, त्या बोटीच्या विंचांना.

शेवटी एका ऑक्टोबरात बोट धक्क्यावरून सुटली आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. पंधरा नॉटचा वारा, लख्ख ऊन, बे ब्रिजचे दोन्ही पूल समोर. सुकाणू वहिनींकडे. त्यांनी शिडं आवळली, बोट उजवीकडे कलली आणि पळू लागली. इतकी जुनी बोट इतकी सुरेख पळते हे मला ठाऊक नव्हतं. कॅप्टननाही नसावं, कारण ते वर नव्हतेच. विजेरी घेऊन खालच्या बाकावर उताणे पडले होते आणि अस्तराचा कापलेला तुकडा बाजूला करून नटांकडे टक लावून बघत होते.

"आणखी कलवा!" खालून आवाज आला. "कड पाण्यात जाऊ दे!"

वहिनींनी आनंदाने कलवली. उजव्या कडेवरून फेसाळ पाणी धावू लागलं, खांबांची बुडं भिजली. माझे पाय समोरच्या बाकाला लागले.

"कोरडं!" कॅप्टन ओरडले. आवाजात थोडी निराशा होती. "आणखी!"

वहिनींनी आणखी कलवली. क्षणभर नुसतं पाण्याचं सळसळणं. मग खालून असा आवाज आला की कुणाला वाटावं, यांना मुलगा झाला.

"सापडली! तिसरा खांब! थेट कपाळावर पडली! सात-सोळांश द्या, सात-सोळांश! आणि बोट थांबवा!"

"कुठल्या बाजूला म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"उजव्या!"

"सांभाळा हं," म्हणून वहिनींनी सुकाणू पलीकडे लोटलं. बोटीने वाऱ्यातून तोंड फिरवलं, शिडं फडफडून दुसऱ्या बाजूला भरली, उजवी कड पाण्यातून वर आली आणि डावी खाली गेली. केबिनमधून एक पाना, दोन वायसर, ब्यूटाइलचं वेटोळं आणि कॅप्टन असे सगळे डावीकडे घरंगळल्याचा आवाज आला.

"थांबली का गळायची?" वहिनी म्हणाल्या.

"थांबली," कॅप्टन खालून म्हणाले. मग थोड्या वेळाने: "पण आता या बाजूला..."

वहिनी समोर बघत होत्या. पुलाखालून जायला आणखी अर्धा मैल होता आणि वारा टिकून होता.